पासवर्डचा प्रश्न संसदेचाच

आरोपीचा फोन पोलिसांनी जप्त केला, पण तो उघडत नसेल, तर पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते काय? देशभर लागू होईल असे एकच उत्तर आपल्याकडे नाही. पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. दिल्लीतील सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये नेमका उलटा निर्णय दिला.

या गोंधळाला न्यायाधीशांना दोष देता येणार नाही. राज्यघटनेचे कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण देते. मात्र बोटांचे ठसे देणे ही साक्ष नव्हे, असे तत्कालीन मुंबई राज्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्ये ठरवले. तो निकष आज तसाच लावला, तर अंगठ्याने उघडणारा फोन पोलिसांना खुला आणि मनातल्या आकड्यांनी उघडणारा बंद! त्या काळी ठशाने माणसाची ओळख पटत असे. आज त्याच ठशाने त्याचे पत्रव्यवहार, आजारपण, बँकखाते आणि पत्रकार असेल तर त्याचे सूत्रही उघडे पडते. एवढा बदल जुन्या निकालांच्या चौकटीत बसवणे अशक्य आहे.

अमेरिकेने हा अनुभव घेतला आहे. सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन उघडून घेण्यासाठी एफबीआयने २०१६ मध्ये १७८९च्या कायद्याचा आधार घेतला. न्यायालयाने अॅपलला मदतीचा आदेश दिला, कंपनीने विरोध केला. अखेर तिसऱ्याच कोणाच्या साह्याने फोन उघडला आणि सरकारने खटला मागे घेतला. फोन उघडला, कायदेशीर प्रश्न मात्र तसाच राहिला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांची उपकरणे जप्त करण्याच्या प्रकरणात सरकारलाच मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सांगितले. पण तपास यंत्रणांच्या अधिकाराला सरकारनेच आखलेली मर्यादा पुरेशी नाही. त्यासाठी कायदाच हवा. संसदेने केले काय? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत डिजिटल उपकरणे मागवण्याची तरतूद आली, पासवर्डबाबत मौनच राहिले. २०२५च्या प्राप्तिकर कायद्याने तर झडतीच्या वेळी संकेतांक ओलांडून आत शिरण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला आणि त्यासाठी न्यायालयाच्या वॉरंटची अटही घातली नाही.

दहशतवादी कट किंवा बालकांचे लैंगिक शोषण यांचे पुरावे फोनमध्येच असतात, ही पोलिसांची अडचण खरी आहे. म्हणूनच त्यांना अधिकार द्यावा, पण गंभीर गुन्ह्यांपुरता. कोणती माहिती आणि कोणत्या काळातली, हे नमूद करणारे न्यायदंडाधिकाऱ्यांचे वॉरंट अनिवार्य असावे. गुन्ह्याशी संबंध नसलेला मजकूर परत करावा, नियम मोडून मिळवलेला पुरावा बाद ठरावा. कंपन्यांना सर्वांच्याच फोनमध्ये चोरवाट ठेवण्याची सक्ती मुळीच नको; त्या वाटेने चोरही शिरतील.

नियम संसदेने खुल्या चर्चेतून करावा, प्रत्येक प्रकरणात परवानगी न्यायाधीशाने द्यावी आणि नियमच घटनेबाहेर गेला तर सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करावा. गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच एकमताने सांगितले आहे. त्या हक्काला साजेसा कायदा करणे ही आता खासदारांची जबाबदारी आहे आणि ती त्यांनी न्यायालयांवर ढकलू नये.