महासंगणकांची चढाओढ आणि आपण

चढाओढ ही गोष्ट बरी कीं वाईट, हा प्रश्न शाळेंतील वक्तृत्वसभांत वारंवार निघतो, आणि दोन्ही पक्ष आपापलीं ठरलेलीं प्रमाणें मांडून खालीं बसतात. एक पक्ष म्हणतो, चढाओढीवांचून प्रगति नाहीं. दुसरा म्हणतो, चढाओढीनें मत्सर वाढतो. आमच्या मतें दोघेही एक मुद्दा विसरतात. चढाओढींत जो स्वतः उतरला आहे त्यास तिच्यापासून होणारा लाभ निराळा. आणि जो बाजारांत उभा राहून ती केवळ पाहतो व शेवटीं पैसे मोजून माल घरीं नेतो, त्यास होणारा लाभ निराळा. संगणक तयार करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हा भेद फार स्पष्ट दिसतो. त्या इतिहासांतील एक महत्त्वाचें प्रकरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलेलें असल्यामुळें त्याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य करावा.

प्रथम चढाओढीचा गुण पाहूं. संगणकाचा मेंदू जो प्रोसेसर, तो बनविण्याच्या धंद्यांत इंटेल ही अमेरिकन कंपनी अनेक वर्षें अग्रेसर होती. २००१ सालीं तिनें इटॅनियम नांवाचा नव्या घडणीचा प्रोसेसर बाजारांत आणला. परंतु लोकांजवळ असलेल्या जुन्या आज्ञावल्या त्यावर मंद गतीनें चालत. तिची प्रतिस्पर्धी एएमडी ही कंपनी आकारानें पुष्कळच लहान. तिनें २००३ सालीं ऑप्टेरॉन हा असा प्रोसेसर काढला कीं, त्यावर जुनीं कामेंही वेगानें होत व नवींही करतां येत. ग्राहकांचा कल तिकडे वळतांच, पुढील वर्षीं म्हणजे २००४ सालीं, खुद्द इंटेलनेंच ती रीत उचलली. मोठ्यास लहानाकडून शिकावें लागलें, आणि लाभ सर्व जगाचा झाला. निकोप चढाओढीचें याहून चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

आतां प्रतिस्पर्धी नसला म्हणजे काय होतें तेंही पाहूं. १९६० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत संगणकांच्या व्यवहारावर आयबीएम या अमेरिकन कंपनीचें वर्चस्व होतें. त्या कंपनीनें १९६४ सालीं सिस्टिम/३६० ही नवी मालिका जाहीर केली. तरी त्यानंतरही भारतांत मुख्यतः १४०१ या मागील पिढीच्या यंत्रांवरच भाड्याचा व्यवहार चालू राहिला. यांत कंपनीनें पाप केलें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. गिऱ्हाइकास दुसरें दुकान ठाऊक नसेल तर दुकानदार शिळा माल आधीं खपवितो, ही जगाची रीतच आहे. पुढें १९७३ च्या परकीय चलन कायद्यान्वयें परदेशी भागभांडवल कमी करण्याचा प्रश्न आला, आणि ती अट मान्य नसल्यामुळें १९७८ सालीं आयबीएमनें भारतांतील आपला कारभार आटोपला.

मग आपल्याकडे यंत्र बांधण्याची अक्कल नव्हती काय? तसें नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालींच एक संपूर्ण गणकयंत्र बांधून पुरें झालें होतें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. परंतु तोंपर्यंत जगांत निर्वात नळ्यांच्या जागीं ट्रान्झिस्टर आले होते. आणि १९६४ सालीं त्याच संस्थेंत कंट्रोल डेटा या अमेरिकन कंपनीचें सीडीसी ३६०० हें यंत्र येऊन दाखल झालें. कित्येकांस यावरून वाटेल कीं, टिफ्रॅकचे श्रम व्यर्थ गेले. आम्हांस तसें वाटत नाहीं. यंत्र जुनें होतें. तें बांधतांना माणसांच्या अंगीं आलेलें ज्ञान जुनें होत नाहीं. एका पिढीनें हात काळे करून घेतले म्हणजे पुढच्या पिढीस तें काम अशक्य वाटत नाहीं, हा लाभ पैशानें मोजण्यासारखा नाहीं.

तो लाभ पुढें कसा कामास आला तें पाहा. १९८० नंतरच्या दशकांत जगांतील सर्वांत वेगवान संगणक म्हणजे सिमूर क्रे या अमेरिकन अभियंत्याच्या नांवानें चालणारे. हवामानाचा अंदाज करण्यासाठीं भारतास असे महासंगणक हवे होते. अमेरिकन सरकारच्या कडक अटी पत्करून दिल्लीस क्रे एक्स-एमपी १४ हें यंत्र मिळालें. परंतु बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेस हवें असलेलें अधिक शक्तिमान यंत्र मिळूं शकलें नाहीं. त्या सुमारास, १९८८ सालीं, पुण्यांत प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. तीन वर्षांत महासंगणक तयार करावा, असें काम तिजकडे सोंपविण्यांत आलें. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा या खेड्यांत जन्मलेले गृहस्थ. १९९१ सालीं, ठरल्या मुदतींत, ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, आणि तसाच एक मॉस्को येथील संस्थेंतही बसविण्यांत आला.

हें कसें साधलें? आपल्या वसमत-हिंगोलीकडील हळदीच्या दृष्टांतानें तें समजेल. एका मोठ्या शेतांतील हळद एकाच धिप्पाड गड्यानें झपाट्यानें काढावी, अशी जुनी क्रे पद्धति. त्याऐवजीं चौसष्ट साधे गडी एकाच वेळीं शेतांत उतरवावे, ही ‘परम’ची पद्धति. परममध्यें इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नांवाचे चौसष्ट प्रोसेसर एकत्र जोडलेले होते. त्यांतील कोणी एकटा फार बलवान नव्हता. परंतु खरी मेख येथेंच आहे. हळद काढल्यावांचून शिजवितां येत नाहीं, शिजविल्यावांचून वाळवितां येत नाहीं, आणि वाळल्यावांचून तिला पॉलिश करतां येत नाहीं. कितीही गडी लावले तरी अशीं एकामागून एक होणारीं कामें एकदम उरकत नाहींत. शिवाय कोणीं कोठें खणावें, कोणीं कोणाची वाट पाहावी, हें ठरविणारा मुकादम मूर्ख असला तर चौसष्ट गडी एकमेकांच्या पायांत येतात. परमचें खरें यश गडी विकत आणण्यांत नव्हतें. असा शहाणा मुकादम घडविण्यांत, म्हणजे जोडणी व आज्ञावली रचण्यांत, तें होतें.

येथपर्यंतची कथा आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. परंतु अभिमानाच्या भरांत हिशेबाची दुसरी बाजू झांकूं नये. गडी परके होते, आणि पुढेंही परकेच राहिले. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्यें सन या अमेरिकन कंपनीचे प्रोसेसर होते, तर ‘परम पद्म’मध्यें आयबीएमचे. २००३ च्या जूनमध्यें जगांतील पांचशें वेगवान संगणकांच्या यादींत परम पद्मचा क्रमांक १७१ वा लागला. २००७ च्या नोव्हेंबरांत टाटा समूहाच्या पुण्यांतील संस्थेनें उभारलेला ‘एका’ हा महासंगणक त्याच यादींत चवथा आला. ही गोष्ट खरोखर गौरवाची. तथापि त्याचीं यंत्रें एचपी कंपनीचीं होतीं. २०२० च्या नोव्हेंबरांत ‘परम सिद्धि’ ६३ वा आला, तो एनव्हिडिया कंपनीच्या प्रोसेसरांच्या बळावर. २०२४ सालीं राष्ट्रास अर्पण झालेल्या ‘परम रुद्र’ यंत्रांत सर्व्हरची रचना सी-डॅकनें स्वतः केली, हें एक पाऊल पुढें पडलें. परंतु त्यांच्या आंतला मेंदू अद्याप परदेशीच आहे.

या यादीकडे पाहतांना आणखी एक गोष्ट मनांत येते. इन्मॉस कंपनी १९८९ सालींच दुसऱ्या कंपनीस विकली गेली. सिमूर क्रे यांनीं पुढें काढलेली एक कंपनी १९९५ सालीं दिवाळखोरींत गेली. सन कंपनी २०१० सालीं ओरॅकलनें विकत घेतली, आणि क्रे हें नांव २०१९ पासून एचपीच्याच वंशांतील एका कंपनीकडे आहे. ज्यांच्याकडून आपण गडी आणले ते धनी एकामागून एक गेले किंवा विकले गेले. आपल्याजवळ टिकून राहिलें तें कोणतें? जें आपण स्वतः रचलें तें. मुकादमी आपली होती, म्हणून गडी बदलले तरी काम बंद पडलें नाहीं. नवनिर्मितीचा हाच खरा लाभ असें आम्ही समजतों. यादींतील क्रमांक दोन वर्षांत खालीं जातो. अंगीं आलेली विद्या राहते.

दुसरेंही एक प्रमाण आहे, आणि तें या मराठी पानांच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचें वाटावें. मोठमोठ्या परदेशी कंपन्या वेगासाठीं परस्परांशीं झगडत होत्या, तेव्हां त्यांच्या यंत्रांवर देवनागरी अक्षर सुखानें उमटत नव्हतें. या चढाओढींत आपलीं अक्षरें कोणाच्या गणतींतच नव्हतीं. तें काम कानपूरच्या आयआयटींत श्री. मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हातीं घेतलें, आणि पुढें तें पुण्याच्या सी-डॅकमध्यें ‘जिस्ट’ या नांवानें वाढलें. भारतीय लिप्यांच्या संकेतांचें ‘इस्की’ हें प्रमाण त्याच खटपटींतून सिद्ध झालें. आणि आज सर्व जगांत चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्यावरच आधारलेली आहे. आपली गरज आपल्याइतकी दुसऱ्यास कळत नाहीं, आणि कळली तरी त्यास तिची घाई नसते.

यावर कोणी सुज्ञ गृहस्थ म्हणतील, “जगांत चांगला माल स्वस्त मिळत असतां तो येथें महाग करून बनविण्याचा हट्ट कशाला?” आक्षेप योग्य आहे, आणि सर्वच वस्तु घरीं बनवाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. आज जगांत कोणताही एक देश संपूर्ण संगणक एकट्याच्या बळावर करीत नाहीं. एनव्हिडिया प्रोसेसरची रचना करते, परंतु तो प्रत्यक्ष घडवितो तैवानांतील कारखाना. आणि त्या कारखान्यास लागणारें सर्वांत सूक्ष्म छपाईचें यंत्र हॉलंडमधील एक कंपनी तयार करते. ही एक सांखळी आहे. परंतु ज्याच्या हातीं सांखळीची एक तरी कडी आहे, त्याचें म्हणणें इतरांस ऐकावें लागतें. ज्याच्या हातीं एकही कडी नाहीं, त्यास मिळेल तें, मिळेल तेव्हां आणि सांगितल्या अटींवर घ्यावें लागतें. मद्रासच्या आयआयटीनें ‘शक्ति’ व सी-डॅकनें ‘वेगा’ हे लहान प्रोसेसर येथेंच रचले आहेत. ते जगांतील महाबलाढ्यांच्या बरोबरीचे नाहींत. परंतु कडी हातीं धरण्याचा तो प्रयत्न आहे, म्हणून त्याचें मोल मोठें.

हा सर्व विचार पुण्यामुंबईचा, हिंगोलीस त्याचें काय, असें विद्यार्थ्यांनीं मनांत आणूं नये. आपल्या जिल्ह्यांत औंढा येथें गुरुत्वलहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालीं तत्त्वतः व २०२३ च्या एप्रिलांत पूर्ण मान्यता दिली. खर्चाचा अंदाज २६०० कोटि रुपयांचा. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा परस्परांशीं काटकोनांत असतील. दूरच्या विश्वांत दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं म्हणजे त्या भुजांच्या लांबींत पडणारा फरक प्रोटॉनच्या सहस्रांशाहूनही कमी असतो. तो गोंगाटांतून निवडून काढणें हें मुख्यतः संगणकाचें काम. ज्या भूमींत नामदेवांचें नरसी आहे, त्याच भूमींत हें यंत्र बसावयाचें आहे. त्या वेधशाळेंत परगांवचे पंडित येऊन काम करतील आणि आपलीं मुलें फाटकापाशीं पहारा करतील, कीं आपल्यांतीलही कांहीं आंत बसून त्या गणकयंत्रांस काम सांगतील? हा प्रश्न सरकारपेक्षां आपल्या घरांतच अधिक सुटावयाचा आहे.

म्हणून पालकांस एक विनंति. मुलाच्या हातीं मोबाइल चपळाईनें फिरतो, एवढ्यावरून त्यास संगणकविद्या येते असें समजूं नये. पंगतींत जेवणारा प्रत्येक जण आचारी नसतो. तो एखादी लहानशी आज्ञावली स्वतः लिहितो काय, बिघडलेलें यंत्र उघडून आंत काय आहे तें विचारतो काय, गणितांतील उत्तरापेक्षां त्याची रीत त्यास आवडते काय, हें पाहावें. आणि मुलींस या विद्येपासून दूर ठेवूं नये.

विद्यार्थ्यांसही दोन शब्द. वर्गांतील चढाओढ शेजाऱ्यापेक्षां दोन गुण अधिक मिळविण्यापुरती राहिली तर ती फार लहान आहे. परमची शिकवण निराळी आहे. चौसष्ट साधे, एकमेकांशीं नीट जोडलेले, एका महाबलाढ्याची बरोबरी करूं शकतात. तेव्हां वर्गांत जो मागें आहे त्यास गणित समजावून देणें हीही चढाओढीचीच तयारी होय. शुभवर्तमानांतील त्या दासाची गोष्ट आपण प्रार्थनासभेंत ऐकली आहे, ज्यानें धन्यानें दिलेलें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेवलें. त्याच्याकडून द्रव्य हरवलें नव्हतें. त्यानें तें वापरलें नाहीं, एवढाच त्याचा अपराध. आपल्यास मिळालेली बुद्धि पुरून ठेवून दुसऱ्यांच्या बुद्धीचीं फळें विकत घेत बसणें, हा अपराध आपल्या हातून न घडो.