शिस्त आणि छळ यांमधील रेषा

लष्करी प्रबोधिनीच्या दारातून धडधाकट आत गेलेला तरुण चाकांच्या खुर्चीतून बाहेर येतो आणि ज्या राष्ट्रासाठी तो आत गेला ते राष्ट्र त्याला माजी सैनिक म्हणण्यासही तयार होत नाही, ही गोष्ट कोणत्याही विचारी नागरिकास अस्वस्थ करील अशीच आहे. सर्वोच्च न्यायालयास ती तशी वाटली. वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या एका वृत्ताची न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि २०२५ च्या १८ ऑगस्टला केंद्र सरकारकडे खुलासा मागितला. १९८५ पासून सुमारे ५०० छात्रांना प्रशिक्षणकाळातील दुखापतींमुळे वा आजारांमुळे वैद्यकीय कारणावरून घरी पाठविण्यात आले, असे ते वृत्त होते. त्यांच्या हाती पडत होते ते सानुग्रह अनुदान. अपंगत्वाच्या प्रमाणात ठरणारे आणि जास्तीत जास्त दरमहा सुमारे ४० हजार रुपयांपर्यंत जाणारे. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार त्यांच्यासाठी उघडले, तेही न्यायालयाने विचारणा केल्यानंतर, त्याच ऑगस्टच्या अखेरीस.

या प्रश्नाची आर्थिक बाजू महत्त्वाची आहे व तिच्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत. परंतु तिच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. हे तरुण कशाने मोडतात? युद्धाची तयारी करून घेणाऱ्या कठोर पण अटळ अशा शिक्षणाने, की शिस्तीच्या नावाखाली रूढ झालेल्या आणि युद्धाशी काडीचाही संबंध नसलेल्या छळाने?

हा प्रश्न पदवीधरांच्या बाबतीत विशेष तीव्र होतो. बारावीनंतर खडकवासल्यास जाणारा मुलगा कोवळ्या वयाचा असतो. तीन वर्षांत तो हळूहळू घडत जातो. पदवीधराची वाट निराळी. तो लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो, निवड मंडळापुढे पाच दिवस आपली पारख करून घेतो, आणि मग डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत दीड वर्षासाठी किंवा चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत ४९ आठवड्यांसाठी दाखल होतो. १९९२ पासून चेन्नईत मुलीही याच वाटेने जात आहेत. नाशिक रोड येथील राज्य शासनाच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात निवडीची तयारी करणारे आपल्याकडील पदवीधर हीच वाट धरतात. वय एकवीस ते पंचवीस, डोक्यात स्वतंत्र मते, महाविद्यालयात वादविवाद गाजविलेले, 'का?' असे विचारण्याची सवय जडलेली. पहिल्याच दिवशी केस उतरतात, नावाच्या जागी क्रमांक येतो आणि 'का?' या शब्दाला बंदी होते. शरीराला जे शिकावयाचे ते तो काही आठवड्यांत शिकतो; मनाला मात्र अपमानाचा अर्थ लागत नाही.

लष्कराची बाजू येथे आम्ही प्रथम मांडू इच्छितो, कारण ती खोटी नाही. युद्ध कोणाच्या सोयीने होत नाही. तीन रात्री झोप नसताना, पाठीवर ओझे आणि पुढे चढण असताना, तीस माणसांच्या जिवाचा निर्णय ज्याला क्षणात घ्यावयाचा आहे, त्याने थकव्याची ओळख आधी करून घेतलेलीच बरी. १९६२ च्या नामुष्कीनंतर देशाला अधिकाऱ्यांची निकड भासली, तेव्हा पुण्यास व मद्रासला प्रशिक्षण शाळा उघडून महाविद्यालयांतील शेकडो तरुणांना अल्पावधीत आणीबाणीचे अधिकारी करण्यात आले. त्यांतील अनेकांना लवकरच, १९६५ मध्ये, खऱ्या रणांगणावर उभे राहावे लागले. १९९९ च्या कारगिल संग्रामात तुकडीच्या पुढे राहून चढणारे कोवळे लेफ्टनंट आणि कॅप्टन धारातीर्थी पडले, हे कोण विसरेल? अशांना घडविणारे शिक्षण मऊ गादीवर देता येत नाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपल्या घराघरांत आहे, आणि ती खरी आहे.

परंतु या म्हणीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. टाकी पाथरवटाच्या हातात असते. घाव कोठे घालावा, किती जोराने घालावा आणि कोठे हात आवरावा हे त्याला ठाऊक असते, म्हणून दगडाची मूर्ती होते. टाकी वाटेल त्याच्या हाती दिली तर मूर्ती होत नाही, दगड फुटतो. आमच्या प्रबोधिन्यांतील प्रश्न टाकीचा नाही, ती कोणाच्या हातात आहे याचा आहे.

दिवसाचे शिक्षण उस्तादांच्या हाती असते. कवायत, दौड, अडथळ्यांची शर्यत, नकाशावाचन, नेमबाजी, या सर्वांचे वेळापत्रक ठरलेले, मोजमाप ठरलेले, जवळ वैद्यकीय पथक ठेवण्याची सोय असलेले. रात्री वसतिगृहात मात्र निराळेच राज्य सुरू होऊ शकते. ते वरच्या सत्रातील छात्रांचे असते. त्याचे नावही मराठी माणसास सहज कळेल असे आहे : रगडा. फरशीवर कोलांट्या, कोंबड्याप्रमाणे वाकून उभे राहणे, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन बेडूकउड्या, आणि 'पट्टी परेड', म्हणजे दोन-चार मिनिटांत एकामागून एक गणवेष बदलून हजर होण्याची शिक्षा. अपराध काय, तर बुटाची चकाकी कमी पडली, किंवा काहीच नाही. शिक्षा देणाराचे वय शिक्षा भोगणाराएवढेच, कधी त्याहूनही कमी. त्याला शरीरशास्त्राचे ज्ञान नाही, मानसशास्त्राचे नाही; त्याला एवढेच आठवते की गतवर्षी हेच आपल्यासोबत झाले होते.

शरीर या परंपरेस मानीत नाही. स्नायूंवर मर्यादेबाहेर ताण पडला की ते विरघळू लागतात, त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे कोणताही डॉक्टर सांगेल. चेन्नईसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही, आणि दौडणारा तरुण स्वतःच्याच उष्णतेने कोसळतो. डोक्यावर व मानेवर भार टाकणारी कोलांटी चुकली तर पाठीचा कणा जातो. त्यातच भर म्हणजे दुखणे लपविण्याची वृत्ती. सत्र चुकले तर एक सत्र मागे जावे लागते, सोबती पुढे निघून जातात. म्हणून पायाच्या हाडाला चीर गेलेला छात्रही लंगडत दौडतो आणि डॉक्टरांपुढे हसतो. २०१७ च्या ऑगस्टात डेहराडूनला दहा किलोमीटरच्या दौडीत एका छात्राचा मृत्यू झाला व इतर काहींना रुग्णालयात न्यावे लागले. ती दौड शिक्षा नव्हती, नित्याच्या शिक्षणाचा भाग होती. नियमबद्ध शिक्षणातही जेथे एवढा धोका, तेथे मध्यरात्रीच्या बेहिशेबी शिक्षणाचे काय सांगावे?

येथे एका विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये शिक्षणसंस्थांतील रॅगिंगला बंदी करणारा कायदा केला. त्यान्वये दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९५० च्या लष्करी कायद्याचे ४७ वे कलम हाताखालच्या सैनिकावर हात टाकणाऱ्या वा त्याचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद ठरविते. म्हणजे मे महिन्यात महाविद्यालयात असताना ज्या तरुणाला कोलांट्या मारावयास लावणे गुन्हा होता, त्याच तरुणाला काही महिन्यांनी प्रबोधिनीत त्याच कोलांट्या मारावयास लावणे परंपरा ठरते. पदवी हाती आल्यावर माणसाचे शरीर आणि प्रतिष्ठा स्वस्त होते काय?

आम्ही हे केवळ बाहेरून लिहीत नाही. प्रस्तुत लेखकाने या मेजाशी बसण्यापूर्वी काही वर्षे शाळेत इतिहास शिकविला आहे, आणि त्या काळातील रिवाजाप्रमाणे छडीही वापरली आहे. एकदा वर्गात कोणी खोडी काढली हे कळेना, म्हणून साऱ्या बाकावरील मुलांना छड्या मारल्या. त्या दिवशी वर्ग शांत राहिला आणि त्या शांततेला आम्ही शिस्त समजलो. पुढे त्यांतील एक जण पदवी घेऊन लष्करात गेला. रजेवर आला असता भेटावयास आला, तेव्हा प्रशिक्षणाच्या हकीकती ऐकून आम्ही हळहळलो. तो म्हणाला, "सर, उस्तादांनी दमविलं त्याचं काहीच वाटलं नाही. ते स्वतः आमच्या पुढे धावत होते. पण रात्री आम्हाला कोंबडा करून समोरचा खुर्चीवर बसून चहा पीत होता, ते विसरता येत नाही. तुमच्या छड्यासुद्धा विसरलो नाही." तो हसत बोलला, आम्हांस मात्र हसता आले नाही. शिस्त आणि छळ यांमधील रेषा आमच्या त्या विद्यार्थ्याने एका वाक्यात आखून दाखविली होती. जो पुढे धावतो तो शिकवितो. जो खुर्चीवर बसतो तो केवळ सत्ता भोगतो.

अशा छळावाचून सैन्य कणखर राहत नाही, हा युक्तिवाद इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. १९५६ च्या ८ एप्रिलला अमेरिकेच्या मरीन दलातील एका प्रशिक्षकाने आपल्या पलटणीला धडा शिकविण्यासाठी रात्रीच्या काळोखात पॅरिस आयलंड येथील खाडीत उतरविले. सहा रिक्रूट बुडून मेले. त्या दलाने गुन्हेगार प्रशिक्षकाचा खटला चालविलाच, पण तेथेच न थांबता प्रशिक्षकांवर देखरेख करणारे अधिकारी नेमले. त्या दलाचे शिक्षण आजही जगातील अत्यंत खडतर शिक्षणांत गणले जाते. देखरेखीने ते मऊ पडले नाही. तथापि एकदा केलेली सुधारणा कायमची पुरत नाही हेही तेथेच दिसले. त्याच तळावर २०१६ मध्ये विद्यापीठातून आलेला एक मुसलमान तरुण प्रशिक्षकाच्या छळानंतर उंचावरून पडून मेला; त्या प्रशिक्षकास २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. दक्षिण कोरियात २०२४ च्या मे महिन्यात पूर्ण सामानासह शिक्षेची कवायत करावयास लावलेला नवा सैनिक दगावला आणि कंपनीच्या कमांडरास तुरुंगात जावे लागले. हे देश सैन्याच्या बाबतीत हळवे आहेत असे कोणी म्हणणार नाही. शिक्षा कोणी, किती आणि कोणाच्या देखत द्यावी याचा हिशेब मागण्यास मात्र ते कचरत नाहीत.

आता आर्थिक बाजू. शिपाई म्हणून भरती झालेला रिक्रूट प्रशिक्षणात जायबंदी झाला तर तो सैनिकच मानला जातो व अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. अधिकारी होऊ घातलेला छात्र मात्र, खांद्यावर तारे लागले नाहीत म्हणून, वेगळा. दोघेही त्याच सूर्याखाली धावले, त्याच मातीत पडले. एकाला हक्क आणि दुसऱ्याला अनुग्रह! 'सानुग्रह' हा शब्दच या प्रकरणाचे वैगुण्य सांगतो. देशासाठी मोडलेल्या माणसावर देश अनुग्रह करीत नसतो, त्याचे ऋण फेडीत असतो. आणि हे ऋण केवढे? चाळीस वर्षांत सुमारे ५००, म्हणजे वर्षाला बारा-तेरा जण. एवढ्यांना रिक्रूटाच्या बरोबरीचे निवृत्तिवेतन, पुरेसा विमा, उपचार आणि पदवीला साजेसे काम देणे भारतासारख्या देशास जड जाईल, यावर कोण विश्वास ठेवील?

आमच्या मते तीन गोष्टी व्हावयास हव्यात. छात्राने छात्रास शारीरिक शिक्षा देण्याची प्रथा मुळातूनच बंद व्हावी. शिक्षा देणे आवश्यक असेल तर ती नेमलेल्या प्रशिक्षकाने, ठरलेल्या मापात, नोंदवहीत लिहून द्यावी. दुखापतीमुळे चुकलेले सत्र हा छात्राचा दोष मानू नये, म्हणजे दुखणे लपविण्याचे कारण उरणार नाही. आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली की चौकशीत प्रबोधिनीबाहेरचा सदस्य असावा व तिचा निष्कर्ष आईबापांच्या हाती पडावा. आपला मुलगा कसा मोडला हे जाणण्याचा अधिकार त्यांना आहे. त्यांनी तो मुलगा सरकारच्या स्वाधीन केला होता.

डेहराडूनची प्रबोधिनी १९३२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या उद्घाटनप्रसंगी सरसेनापती चेटवूड यांनी अधिकाऱ्याच्या कर्तव्यांचा क्रम सांगितला होता : आधी देश, मग हाताखालची माणसे, आणि सर्वांत शेवटी स्वतः. तो क्रम आजही तेथील प्रत्येक छात्रास पाठ असतो. परंतु माणूस पाठांतरापेक्षा अनुभवाने अधिक शिकतो. ज्याला वर्षभर हेच दिसले की हाताखालचा माणूस ही आपल्या लहरीची वस्तू आहे, तो उद्या जवानांशी कसा वागेल? प्रबोधिनीत चाललेला छळ तिच्या भिंतींच्या आत राहत नाही. तो प्रत्येक तुकडीबरोबर पलटणींत उतरतो. म्हणून हा प्रश्न काही दुर्दैवी कुटुंबांपुरता नाही, सैन्याच्या गुणवत्तेचा आहे.

त्याच प्रबोधिनीचे ब्रीद शौर्य आणि विवेक ही दोन मूल्ये जोडीने सांगते. आमचे पदवीधर तरुण शौर्य शिकण्यासाठी तेथे स्वखुशीने जातात, आणि ते त्यांना कितीही कठोरपणे शिकवावे, आमची तक्रार नाही. विवेक मात्र आधी शिकविणाऱ्यांनी दाखवावयास हवा.