जुनं कार्ड, नवा ड्रायव्हर

"अम्मी, कंपनीने मुद्दाम माझं कार्ड हळू केलंय!" परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकट्याने तक्रार मांडली. नवा ड्रायव्हर टाकल्यापासून गेम अडखळतो, म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड हवं. आमचं कार्ड जीटीएक्स १०६०. हे मॉडेल २०१६ मध्ये बाजारात आलं. आमच्याकडे आलं ते त्याच्या मामूंनी वापरून झाल्यावर. नव्या कार्डाची किंमत ऐकली आणि मी म्हटलं, "बेटा, आरोप नंतर. आधी पुरावा."

मी भाषा शिकवणारी, त्यामुळे ड्रायव्हर मला दुभाष्यासारखा वाटतो. गेमची भाषा वेगळी, कार्डाची बोली वेगळी. मधला तर्जुमा ड्रायव्हर करतो. तर्जुमा सुधारला की तेच कार्ड सेकंदाला जास्त फ्रेम, म्हणजे जास्त चित्रं, दाखवू शकतं.

असं घडलेलंही आहे. २०१२ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ६८० आलं तेव्हा ते एएमडीच्या रेडिऑन एचडी ७९७० पेक्षा सरस ठरलं होतं. पुढच्या काही वर्षांत ७९७० ने ती कसर भरून काढली आणि बऱ्याच गेममध्ये पुढे गेलं. हौशी मंडळी याचं सगळं श्रेय ड्रायव्हरला देतात, ते मला पटत नाही. त्या कार्डात मेमरी ३ जीबी होती, ६८० मध्ये २. शिवाय २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये एएमडीच्याच त्या घराण्यातली चिप बसली, त्यामुळे गेम लिहिणारेही तिला सरावले.

उलट बाजूही आहे. मे २०१५ मध्ये 'द विचर ३' आला तेव्हा ६८० च्या पिढीचे कार्डवाले अगदी आमच्या चिरंजीवांसारखेच ओरडले. काही दिवसांतच एनव्हिडियाने सुधारलेला ड्रायव्हर दिला आणि वेग वाढला. याचा अर्थ मी असा घेते, की जुन्या कार्डाचे पाय कोणी ओढले नव्हते. नव्या पाहुण्यांच्या गडबडीत त्याच्या ताटात वाढायचं राहिलं होतं. ही हेळसांड खरीच, पण तिला कट म्हणणं ही बदगुमानी झाली.

मग आम्ही तपासणी केली. तोच गेम, तीच जागा, तीच सेटिंग. एकदा नव्या ड्रायव्हरवर, एकदा जुन्यावर. (डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावाखाली 'रोल बॅक ड्रायव्हर' मिळतं.) जुन्या गेममध्ये एक-दोन फ्रेमचा फरक, तोही कधी इकडे कधी तिकडे. मग अडखळणं कुठून आलं? नवा ड्रायव्हर टाकला की आधी साठवून ठेवलेला तर्जुमा बहुधा बाद होतो आणि खेळता खेळता पुन्हा तयार होतो. तोवर गेम ठेचकाळतो. साहेबांनी दहा मिनिटांतच निकाल लावला होता!

एक गेम मात्र जुन्या ड्रायव्हरवरही हळूच चालला. त्या गेमचंच मोठं अपडेट आलं होतं आणि त्याची चित्रं जड झाली होती. तिथे सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणली आणि भागलं. कॅबिनेट उघडलं तर कार्डाच्या पंख्यावर धुळीची गोधडी! कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं, त्याला ड्रायव्हर काय करणार? संगणक बंद करून, वायर काढून, पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने धूळ झाडली.

तरी त्याची काळजी अगदीच खोटी नाही. ऑक्टोबर २०२५ नंतर १०६० च्या पिढीसाठी नव्या गेमपुरते सुधारलेले ड्रायव्हर बंद झाले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षेची अपडेट तेवढी तिमाहीला येत राहणार. ती टाकत राहायची, 'जुनं तेच बरं' म्हणून टाळायची नाहीत. आज चालणारे गेम उद्याही चालतील; नव्या गेमचा मात्र भरवसा नाही, आणि काही गेमना लागणाऱ्या सोयी या कार्डात मुळातच नाहीत, त्या कुठल्याच ड्रायव्हरने येणार नाहीत.

हे ऐकून तो जरा हिरमुसला. नव्या कार्डाचा विषय दहावीच्या निकालानंतर काढायचा, असं ठरलंय. त्याने ते वहीत लिहून घेतलंय आणि खाली माझी सहीसुद्धा घेतलीय.