पात्रता परीक्षेचा खर्च कोणी सोसावा?

पदवी ही एक प्रकारची हुंडी असते. ती देणाऱ्या विद्यापीठाच्या शब्दावर समाजाने विश्वास ठेवावा, अशी तिच्यामागील कल्पना. पदार्थविज्ञानातील एम.एस्सी.ची हुंडी मात्र आज कोठेही सहजासहजी वटत नाही. संशोधनासाठी शिष्यवृत्ती हवी असो वा महाविद्यालयात अध्यापकाची जागा, पदवीधराला ‘नेट’, ‘सेट’, ‘गेट’ किंवा ‘जेस्ट’ यांपैकी एखाद्या परीक्षेच्या दारात पुन्हा उभे राहावे लागते. किंबहुना, ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच्याच संलग्न महाविद्यालयात कायम जागेवर शिकवण्यासही ती एकटी पुरेशी ठरत नाही. दोन वर्षे वर्गात शिकलेला विषय विद्यार्थ्याने आणखी एक-दोन वर्षे स्वखर्चाने नव्याने शिकावा, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हा प्रश्नही कोणी विचारीत नाही.

अशा परीक्षा असूच नयेत, असे म्हणणे अविचाराचे होईल. विद्यापीठाविद्यापीठांतील गुणदान इतके विषम आहे की केवळ गुणपत्रिका पाहून निवड करणे अन्यायाचे ठरेल. नांदेड वा गडचिरोलीच्या विद्यार्थ्यामागे नामांकित संस्थेचे वलय नसते, शिफारसपत्र देणारा ख्यातनाम प्राध्यापकही नसतो. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका हे त्याचे खरे संरक्षण आहे. प्रश्न आहे तो परीक्षेच्या स्वरूपाचा आणि तिच्या तयारीच्या जबाबदारीचा.

विज्ञान विषयांच्या ‘नेट’चेच उदाहरण घेतले तर पदार्थविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न असतात आणि त्यांतील जास्तीत जास्त ५५ सोडवायचे असतात. वेळ तीन तासांचा, म्हणजे एका प्रश्नास सरासरी सव्वातीन मिनिटे. शेवटच्या भागातील प्रश्न पाच गुणांचा. उत्तर चुकल्यास सव्वा गुण वजा होतो. आता साधे गणित करून पाहावे. चारपैकी दोन पर्याय काही युक्तीने बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतील एक डोळे मिटून निवडला तरी अशा प्रश्नामागे सरासरीने जवळजवळ दोन गुण पदरात पडतात. मितींचा मेळ पाहणे, वस्तुमान शून्य किंवा तापमान अनंत मानून सूत्राची परीक्षा घेणे, या त्या युक्त्या होत. त्या कोणी कमी लेखू नयेत. कसलेला पदार्थवैज्ञानिकही त्या नित्य वापरतो. परंतु तो त्या आपल्या उत्तराची पडताळणी करण्यासाठी वापरतो, तर परीक्षार्थी उत्तर काढण्याऐवजी वापरतो. उत्तराकडे नेणारी वाट चार पाने लिहून दाखवण्याचे सामर्थ्य संशोधनाला लागते आणि नेमके तेच येथे मोजले जात नाही. पूर्वी या परीक्षेत सविस्तर उत्तरे लिहिण्याची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. २०११ पासून ती गेली. परीक्षार्थींची संख्या पाहता तपासणीची सोय झाली, हे खरे. पण त्या सोयीबरोबर अध्ययनाची दिशाही बदलली.

अमेरिकेतील प्रथा या संदर्भात तपासून पाहण्यासारखी आहे. तेथील अनेक विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या डॉक्टरेटसाठी कठोर पात्रता परीक्षा घेतली जात आली आहे. यामिकी, विद्युतचुंबकी, पुंजयामिकी आणि सांख्यिकीय यामिकी या विषयांवर दीर्घ, लेखी उदाहरणे घातली जातात. शिकागो विद्यापीठातील अशा उदाहरणांचा उत्तरांसह संग्रह १९६० च्या दशकात ग्रंथरूपाने निघाला. त्याच्या संपादकांपैकी जेम्स क्रोनिन यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या परीक्षेचा धसका तेथील विद्यार्थ्यांनाही असतो. दोनदा अपयश आले तर विभाग सोडावा लागण्याची टांगती तलवार असते, आणि म्हणूनच काही विभागांनी ती सौम्य केली वा मोडीतही काढली. तथापि एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथे ही परीक्षा प्रवेशानंतर येते. विद्यार्थी तेव्हा विभागाचा घटक असतो, बहुधा अध्यापन-साहाय्यक म्हणून वेतन घेत असतो, आणि जे प्राध्यापक त्याला शिकवतात तेच त्याला तपासतात. तयारीच्या काळाचा खर्च प्रामुख्याने संस्था उचलते.

आपल्याकडे तो खर्च कुटुंब उचलते. पुण्यातील खोलीचे भाडे, मेस, अभ्यासिका आणि खासगी क्लासची फी ही त्याची दिसणारी बाजू होय. न दिसणारी बाजू म्हणजे उमेदीच्या वयातील बुडालेली कमाई. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. पण ती यशस्वी होणाऱ्या थोड्यांना, तीही यशानंतर. तोवर कोणी तासिका तत्त्वावर शिकवून दिवस काढतो, कोणी शिकवण्या घेतो. मुलींच्या वाट्याला तर आणखी एक प्रयत्न करू देण्याइतकी सवडही पुष्कळ घरांत येत नाही. अशा स्थितीत जून २०२४ मध्ये विज्ञान विषयांची ‘नेट’ अवघे काही दिवस उरले असताना पुढे ढकलण्यात आली आणि ती जुलैअखेर झाली. यंत्रणेच्या लेखी तो एक महिना होता. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या लेखी तो आणखी एक हप्ता होता. ज्याच्या घरी असे हप्ते भरण्याची ऐपत आहे तो टिकतो, बाकीचे गळतात. बुद्धीची चाळण म्हणून उभारलेली व्यवस्था अशा रीतीने ऐपतीची चाळण होऊ लागते.

यावर उपाय दुर्मीळ नाहीत. उदाहरणे सोडवण्याचा तास हा एम.एस्सी.च्या वेळापत्रकाचा अविभाज्य भाग व्हावा, विद्यार्थ्याने लिहिलेली उत्तरे दर आठवड्यास तपासून परत मिळावीत आणि हे काम प्राध्यापकाच्या कार्यभारात रीतसर धरले जावे. त्यासाठी रिक्त जागा भरणे ओघानेच आले. तासाच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्याकडून वह्या तपासण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? पदवी मिळाल्यानंतर दोन वर्षे तरी माजी विद्यार्थ्यांना विभागाचे ग्रंथालय आणि वाचनकक्ष विनाशुल्क खुले असावेत. ‘गेट’मध्ये पर्याय न देता संख्यात्मक उत्तर मागणारे प्रश्न असतात, तेवढा बदल तर ‘नेट’मध्ये संगणकावरही करता येईल. आणि पहिल्या चाळणीतून निघालेल्या मोजक्या परीक्षार्थींसाठी लेखी उत्तरांची प्रश्नपत्रिका पुन्हा सुरू करणे हे आवाक्याबाहेरचे काम नव्हे.

खासगी क्लासना दोष देऊन मात्र काही साधणार नाही. विद्यापीठाने मोकळी सोडलेली जागा त्यांनी व्यापली, इतकेच. ती जागा परत घेण्याचे काम विद्यापीठांचे आहे. जी संस्था दोन वर्षांची फी घेऊन पदवीची हुंडी लिहून देते, ती वटेल एवढी तजवीज करण्याचे उत्तरदायित्वही तिचेच होय.