सशाचा आरोग्य विमा काढावा का? ब्रिटनमधल्या व्हेटच्या वाढत्या बिलांचा हिशोब

ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या डॉक्टरांची, म्हणजे 'व्हेट'ची बिलं हा गेल्या काही वर्षांत चांगलाच तापलेला विषय आहे. बाजारात स्पर्धा नीट चालतेय ना हे बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने (सीएमए), सप्टेंबर २०२३ मध्ये यात लक्ष घातलं. मे २०२४ मध्ये रीतसर तपास सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राथमिक निष्कर्ष आले. २०१६ ते २०२३ या काळात व्हेटचे दर ६३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे महागाईपेक्षा कितीतरी जास्त. २०१३ साली दहापैकी साधारण एक क्लिनिक मोठ्या कंपन्यांच्या ताब्यात होतं, आता हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेलंय.

या बातम्यांसोबत फोटो असतो तो कुत्र्याचा किंवा मांजराचा. पण पीडीएसए या प्राणीसेवी संस्थेच्या २०२४ च्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये सुमारे ८ लाख पाळीव ससेही आहेत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्येही ससा येतो, आणि त्याचा रस्ता बहुतेक वेळा ठरलेला असतो. भाड्याच्या घरात कुत्र्याला घरमालक नाही म्हणतो, मुलं हट्ट सोडत नाहीत, शेवटी 'ससा तरी आणू' यावर तह होतो. ससा घरी येतो, आठवड्याभरात विम्याची जाहिरात मोबाईलवर दिसायला लागते, आणि प्रश्न पडतो की एवढ्याशा प्राण्याला विमा कशाला?

या प्रश्नाचं उत्तर सशाच्या किमतीवरून काढायचं नसतं. ससा पन्नास-साठ पौंडांना मिळतो, पण त्याच्या आजारपणाचा खर्च त्या किमतीच्या प्रमाणात येत नाही. ब्रिटनमधले व्हेट सशाला 'एक्झॉटिक' प्राण्यांच्या गटात धरतात, आणि प्रत्येक क्लिनिकमध्ये सशांचा चांगला अनुभव असलेला डॉक्टर असेलच असं नाही. ससा मुळात शिकार होणारा प्राणी, त्यामुळे तो दुखणं लपवतो. तुमच्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्यात त्याचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती इमर्जन्सी समजायची. आतड्यांची हालचाल मंदावणं (गट स्टेसिस) हा सशांचा नेहमीचा जीवघेणा त्रास आहे. तो दवाखान्याची वेळ बघून येत नाही, आणि रात्रीच्या इमर्जन्सी क्लिनिकचे दर दिवसापेक्षा बरेच जास्त असतात.

सशांना नेमकं होतं काय?

विमा घ्यायचा तर आधी हे माहीत हवं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजचा 'व्हेटकंपास' नावाचा प्रकल्प क्लिनिकमधल्या संगणकीय नोंदी एकत्र करून अभ्यास करतो. त्यांनी इंग्लंडमधल्या ६,३४९ सशांच्या २०१३ च्या नोंदी तपासल्या. सगळ्यात जास्त आढळलेली तक्रार होती वाढलेली नखं, १६ टक्के. त्याखालोखाल वाढलेल्या दाढा, ७.६ टक्के. मग मागचा भाग घाण राहणं, पुढचे दात वाढणं, आणि पाचव्या नंबरवर ते पोट थांबणं, ४.२ टक्के. मृत्यूच्या नोंदींत सगळ्यात वर होतं अंगात अळ्या पडणं, जवळपास ११ टक्के. उन्हाळ्यात माशी ओल्या, घाण झालेल्या केसांत अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडी खायला लागतात.

आता ही यादी विमा कंपनीच्या नजरेने वाचा. नखं कापणं ही नेहमीची देखभाल, त्याचे पैसे मिळत नाहीत. दातांचे उपचार अनेक पॉलिसींमध्ये सरळ वगळलेले असतात किंवा त्यांना अटी तरी असतात. अळ्यांच्या बाबतीत 'स्वच्छतेची काळजी घेतली होती का?' हा प्रश्न येऊ शकतो. मिक्सोमॅटोसिस आणि आरएचडी हे सशांचे दोन घातक विषाणूजन्य आजार. यांच्यावर लस आहे, म्हणून लस वेळेवर दिली नसेल तर क्लेम नाकारला जातो. नसबंदी आणि लसीकरण तर कधीच विम्यात येत नाही.

म्हणजे सशाला जे वारंवार होतं, त्यातलं बरंचसं पॉलिसीच्या बाहेर राहतं. विमा उपयोगी पडतो तो क्वचित येणाऱ्या मोठ्या बिलाला: आतड्यात अडथळा येऊन करावं लागणारं ऑपरेशन, मोडलेला पाय, जबड्यातला गळू, दोन-तीन दिवस ॲडमिट ठेवून दिलेलं सलाईन. 'सशाच्या डॉक्टरच्या खर्चासाठी विमा' असं समजून घेतलात तर वर्षाअखेर चिडचिड होणार. 'एका वाईट रात्रीसाठी विमा' असं समजून घेतलात तर निदान अपेक्षा तरी बरोबर असेल.

दातांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण खरा पैसा तिथे जातो. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. वाळलेलं गवत भरपूर चावलं तर ते झिजतात, नाहीतर दाढांना टोकं येतात, ती जिभेत-गालात रुततात, ससा खायचं बंद करतो आणि मग पोटही थांबतं. एकदा हे सुरू झालं की दर काही आठवड्यांनी भूल देऊन दाढा घासाव्या लागू शकतात. समजा एका वेळचे १५० पौंड आणि वर्षातून सहा वेळा, तर ९०० पौंड झाले, तेही दरवर्षी. त्यामुळे पॉलिसी वाचताना सगळ्यात आधी 'डेंटल' हा शब्द शोधा. तिथे 'फक्त अपघाताने दुखावलेला दात' एवढंच लिहिलं असेल, तर या ९०० पैकी एक पेनीही मिळणार नाही.

हप्त्याचा हिशोब

ब्रिटनमध्ये पेट इन्शुरन्सचे चार मुख्य प्रकार आहेत. फक्त अपघाताचा. एका आजाराला बारा महिने पैसे देणारा. एका आजारासाठी ठरावीक रक्कम संपेपर्यंत देणारा. आणि दरवर्षी मर्यादा नव्याने भरून देणारा 'लाइफटाइम'. कुत्र्या-मांजरांसाठी ढीगभर पर्याय दिसतात. सशासाठी मात्र मोजक्याच कंपन्या आहेत, त्यातलं पेटप्लॅन हे जुनं नाव. तुलना करणाऱ्या अनेक वेबसाइटवर प्राणी निवडायला गेलात तर कुत्रा आणि मांजर एवढेच दोन पर्याय असतात. म्हणजे कार इन्शुरन्ससारखं पाच मिनिटांत वीस कोटेशन बघणं इथे जमत नाही. एकेका कंपनीच्या साइटवर जाऊन बघावं लागतं.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. एका सशाचा हप्ता महिना १५ पौंड. ससा एकटा ठेवू नये असं तिथल्या प्राणीसंस्था सांगतात, म्हणून दोन ससे. वर्षाचे ३६० पौंड. हप्ता तेवढाच राहिला तर नऊ वर्षांत ३,२४० पौंड, आणि दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला तर साधारण ४,५००. आणि तो वाढतोच. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने, एफसीएने, जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त हप्ता लावायला बंदी घातली, पण ती फक्त घराच्या आणि गाडीच्या विम्याला. पाळीव प्राण्यांचा विमा त्यात नाहीये. त्यात हप्त्यावर १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्सही असतो. १८० पौंडांच्या वार्षिक हप्त्यातले १९ पौंड सरकारचे.

आता दुसरी बाजू. तेच महिना ३० पौंड तुम्ही वेगळ्या सेव्हिंग खात्यात टाकलेत. पाच वर्षांत १,८०० पौंड जमले आणि ससे धडधाकट राहिले, तर पैसे तुमचेच. पण ऑपरेशन दहाव्या महिन्यात करावं लागलं आणि बिल १,५०० झालं, तर खात्यात असतील फक्त ३०० पौंड. विमा असता, एक्सेस (तुम्ही आधी भरायची रक्कम) १०० पौंड आणि वार्षिक मर्यादा २,००० असती, तर १,४०० मिळाले असते. सगळा वाद या एका ओळीत आहे: उद्या दीड-दोन हजार पौंड द्यावे लागले तर ते तुमच्याकडे आहेत का?

इथे व्हिसाचाही संबंध येतो. नुकतेच नोकरीसाठी गेलेल्या बहुतेकांच्या व्हिसावर सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट असते. कमी उत्पन्नवाल्यांना पीडीएसएसारख्या संस्थांकडून मोफत किंवा स्वस्त उपचार मिळतात, पण पात्रता मोठ्या प्रमाणात अशा भत्त्यांवरच ठरते. म्हणजे हातात पैसा नसला तरी तो दरवाजा या कुटुंबांसाठी सहसा बंदच.

क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमधली ती एक ओळ

क्लेम आता कागदावर फारसे होत नाहीत. क्लिनिकच्या सिस्टीममधून किंवा ॲपवरून बिल जातं, आणि सोबत सशाची संपूर्ण वैद्यकीय नोंद मागवली जाते. गोम इथेच आहे. दीड वर्षापूर्वी नखं कापायला नेलं होतं, तेव्हा डॉक्टरने जाता जाता 'डावी दाढ किंचित टोकदार, लक्ष ठेवा' असं टाइप केलं. तुम्हाला ते आठवतही नसेल. त्यानंतर तुम्ही विमा काढलात आणि वर्षभराने दातांचा क्लेम केलात, तर ती ओळ पुरेशी आहे. 'आजार आधीपासूनचा' म्हणून क्लेम जातो. पॉलिसी सुरू झाल्यावरचे पहिले काही दिवस, बऱ्याचदा चौदा, आजारासाठी धरले जात नाहीत. त्या काळात नोंदलेलं लक्षणही पुढे नडू शकतं.

म्हणून पॉलिसी घेण्याआधी क्लिनिककडून सशाची नोंद मागून घ्या आणि वाचा. पॉलिसी घेतल्यावर १४ दिवसांत ती रद्द करता येते, हेही लक्षात असू द्या. क्लेम नाकारला आणि कंपनीचं उत्तर पटलं नाही, किंवा आठ आठवड्यांत अंतिम उत्तरच आलं नाही, तर फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे तक्रार करता येते. ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत. आणि दरवर्षीची लस चुकवू नका. क्लेमच्या वेळी तीच तारीख सगळ्यात आधी बघितली जाते.

सीएमएच्या उपायांनी बिल उतरेल का?

प्राथमिक निर्णयात सीएमएने २१ उपाय सुचवले. क्लिनिकने दरपत्रक लावावं, आपण कुठल्या मोठ्या समूहाचे आहोत ते सांगावं, ५०० पौंडांवरच्या उपचारांचा अंदाज लेखी द्यावा, प्रिस्क्रिप्शन लिहून देण्याच्या शुल्काला १६ पौंडांची मर्यादा असावी, वगैरे. यातला प्रिस्क्रिप्शनचा मुद्दा जुनाट दुखण्याच्या सशाला खरंच कामाचा. दर महिन्याला लागणारं वेदनाशामक क्लिनिकऐवजी ऑनलाइन फार्मसीतून घेतलं तर बरेच पैसे वाचतात. नसबंदीसारख्या ठरवून करायच्या गोष्टीत दरपत्रकं तुलनेला उपयोगी पडतील. पण रविवारी रात्री अकरा वाजता ससा कोपऱ्यात मुटकुळं करून बसलाय, तेव्हा कुणी दरपत्रकं ताडून बघत नाही. जे एकमेव क्लिनिक उघडं असेल तिथे जावं लागतं. विमा ज्या बिलासाठी घ्यायचा, नेमकं तेच बिल या उपायांनी फारसं खाली येईल असं मला वाटत नाही.

मग काढावा का? ससा एक-दोन वर्षांचा आहे, नोंद स्वच्छ आहे आणि हाताशी दोन हजार पौंड मोकळे नाहीत, तर काढा. मिळाला तर लाइफटाइम, आणि दातांचं कलम वाचूनच. शिल्लक चांगली आहे आणि महिन्याला पैसे बाजूला टाकायची शिस्त आहे, तर विम्याशिवाय चालेल, पण त्या खात्याला सुट्टीच्या तिकिटांसाठी हात लावायचा नाही. ससा सहा वर्षांचा झालाय आणि दाढांची तक्रार आधीच सुरू आहे, तर विम्यात पैसे घालू नका. ज्याला पैसे लागणार तेच वगळलं जाईल. केवळ अपघाताची स्वस्त पॉलिसी घेऊन समाधान मानणं मला तरी पटत नाही, कारण सशाला धोका असतो तो मुख्यतः पोटाचा आणि दातांचा.

पुण्या-मुंबईत ससा पाळलेल्यांसाठी हा प्रश्न वेगळाच आहे. भारतात खासगी विमा कंपन्यांच्या पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी मुख्यतः कुत्र्यांसाठी, काही मांजरांसाठी आहेत. गंमत म्हणजे आपल्याकडे सशाचा सरकारी विमा आहे, पण तो पशुधन म्हणून! राष्ट्रीय पशुधन अभियानात गाय, म्हैस, शेळी, डुक्कर यांच्यासोबत ससाही येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने बदल करून हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला, बाकीचा केंद्र आणि राज्य उचलतात. पण तो विमा जनावर मेल्यावर भरपाई देतो, दाढा घासायचे पैसे देत नाही. त्यामुळे फ्लॅटमधल्या सशासाठी इथे वेगळं खातं हाच पर्याय उरतो. शिवाय सशांवर उपचार करणारा आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण, हे आजच विचारून त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.