नोकरीपूर्वींचीं दोन वर्षें

बारावीचा निकाल लागला म्हणजे वऱ्हाडांतील घरोघरीं एकच चर्चा चालते. मुलाला नागपुरास ठेवावें कीं पुण्यास, कोटा येथील शिकवणीचा खर्च झेपेल कीं नाहीं, एक वर्ष वायां गेलें तर कसें होईल, ह्या विवंचनेंत बाप झोपत नाहीं व आई जेवत नाहीं. "वर्ष वायां जाणें" हा शब्दप्रयोग आमच्या पालकांच्या तोंडीं इतका बसला आहे कीं, जें वर्ष परीक्षेच्या यादींत दिसत नाहीं तें आयुष्यांतूनच वजा झालें असें सर्वांस वाटूं लागलें आहे. अशा घरांत जाऊन कोणी म्हणालें कीं, "तुमचा अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षें परमुलखीं, विनावेतन, तुमच्याच खर्चानें, लोकांच्या दारोदार जाऊं द्या," तर त्या गृहस्थास चहा तरी मिळेल कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे.

तथापि असें करणारा एक समाज जगांत आहे. अमेरिकेंतील मॉर्मन लोकांविषयीं आम्ही बोलत आहों. इ. स. १८३० मध्यें न्यूयॉर्क प्रांतांत जोसेफ स्मिथ नांवाच्या तरुणानें हा पंथ स्थापिला, आणि १८४७ पासून सॉल्ट लेक शहर हें त्याचें मुख्य ठाणें आहे. पवित्र शास्त्राच्या जोडीला ते मॉर्मनचा ग्रंथ मानतात. आम्ही व आमच्यासारखीं इतर मंडळ्या तो मानीत नाहींत. मतभेद मोठा आहे आणि तो झांकण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या घरची देवपूजा आपल्यासारखी नसली, तरी त्याच्या मुलांची वागणूक चांगली असल्यास तिचें कारण विचारावयास कांहीं हरकत नसावी.

ह्या लोकांची वर्षांतून दोन वेळां, एप्रिल व ऑक्टोबर महिन्यांत, मोठी परिषद भरते. तिच्यांतील भाषणें पुढें छापलीं जातात, अनेक भाषांत भाषांतरितहि होतात, आणि पुढील सहा महिने घरांत व रविवारच्या वर्गांत त्यांचा अभ्यास चालतो. आम्हांस विशेष वाटलें तें ह्या शेवटल्या गोष्टीचें. परिषदा आपल्याकडे कमी आहेत असें नाहीं. मंडप असतो, गायन असतें, एकामागून एक वक्ते उठतात, आणि चौथा वक्ता उठला म्हणजे मागील रांगांचें लक्ष स्वयंपाकाच्या धुराकडे लागतें. घरीं परतल्यावर "भाषणें फार छान झालीं" ह्यापलीकडे कोणास कांहीं सांगतां येत नाहीं. ऐकलेलें भाषण तीन महिन्यांनीं पुन्हां काढून वाचण्याची संवय आपणांस लागली, तर निम्मे वक्ते भीतीनेंच तयारी करून येतील!

दुसरें असें कीं, त्यांच्या स्थानिक मंडळींत पगारी धर्मगुरु नसतो. दुकानदार, शिक्षक, वकील असे गृहस्थच आळीपाळीनें मंडळीचा कारभार पाहतात, आणि रविवारच्या सभेंत पोरसवदा मुलामुलींसहि उभें राहून चार वाक्यें बोलावीं लागतात. ज्या मुलानें बाराव्या वर्षापासून चारचौघांत बोलण्याची भीति टाकली, तो अठराव्या वर्षीं परक्याच्या दारीं उभा राहिला तर त्यांत नवल तें काय? आमच्या शाळेंतील वक्तृत्वस्पर्धेंत दहावींतील मुलें बापानें लिहून दिलेलें भाषण पाठ म्हणतात, ही गोष्ट ह्या संदर्भांत आठवल्यावांचून राहत नाहीं.

आतां त्या दोन वर्षांविषयीं. मुलगे २४ महिने व मुली १८ महिने सेवेस जातात. मुलग्यांच्या बाबतींत ती कर्तव्य समजली जाते. मुलींस इच्छा असेल तर. २०१२ च्या ऑक्टोबर परिषदेंत मुलग्यांसाठीं वयाची अट १९ वरून १८ व मुलींसाठीं २१ वरून १९ केल्याचें जाहीर झालें, तेव्हां अर्जांची इतकी गर्दी उसळली कीं दोन वर्षांच्या आंत सेवकांची संख्या ८० हजारांच्या वर गेली. कोठें जावयाचें हें त्यांनीं स्वतः निवडावयाचें नसतें. पाठवितील तेथें जावें लागतें. दोघादोघांच्या जोडीनें राहावें लागतें. खर्च बहुतेक स्वतःच्या सांठवणुकीतून किंवा कुटुंबाकडून होतो, म्हणून पुष्कळ मुलें शाळेंत असतांनाच फावल्या वेळीं काम करून पैसा जमवितात. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांना घरीं दूरध्वनि करण्याची परवानगी वर्षांतून केवळ दोन वेळां, नाताळास व मातृदिनास, असे. त्यानंतर ती आठवड्यास एकदां मिळाली. वसतिगृहांत मुलगा सोडून घरीं जातांना फाटकापर्यंत तीनदां मागें वळून पाहणाऱ्या मातांनीं ह्या नियमाचा क्षणभर विचार करावा.

ही दूरदेशींची हकीकत असें कोणी म्हणूं नये. तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रांत गुंतलेला आहे. १८५२ च्या ऑगस्ट महिन्यांत सॉल्ट लेक येथें एक खास परिषद भरली. तींत ऐन सभेंत नांवें पुकारण्यांत आलीं, आणि त्यांत नऊ जणांच्या वांट्यास हिंदुस्थान आला. त्यांतील कित्येक बायकामुलांचे धनी होते. घरचें आवरून ते निघाले, डोंगर व वाळवंट तुडवून कॅलिफोर्नियास पोहोंचले, आणि तेथून जहाजानें १८५३ च्या एप्रिलांत कलकत्त्यास उतरले. त्यांच्याहि आधीं, १८५२ सालींच, ह्यू फिंडले नांवाचा एक स्कॉटिश गृहस्थ विलायतेहून मुंबईस आला व पुढें पुण्यास जाऊन राहिला. छावणींतील अधिकाऱ्यांनीं त्याला विरोध केला. तरीहि त्यानें तेथें एक लहानशी मंडळी जमविली आणि मराठी शिकण्याचे परिश्रम केले. परंतु त्याच्या मंडळींत आले ते बहुतेक इंग्रजी जाणणारे छावणीचे लोक. ज्यांची भाषा तो शिकत होता ते जवळजवळ कोणीच आले नाहींत. १८५५ मध्यें तो परत गेला, आणि वर्षभरांत बाकीचेहि बहुतेक परतले. ज्या परिषदेंत त्या नऊ जणांचीं नांवें पुकारलीं, तिच्यांतच ह्या पंथानें बहुपत्नीत्वाचा उघड पुरस्कार केला होता, आणि ती वार्ता त्यांच्या आधीं वा पाठोपाठ सर्वत्र पोहोंचली. (पुढें १८९० सालीं त्यांनीं ती चाल सोडल्याचें जाहीर केलें.) भारतांत त्यांचें काम पुन्हां पद्धतशीरपणें उभें राहून बंगळूर येथें स्वतंत्र मिशन झालें, तें १९९३ मध्यें.

पुण्याच्या ह्या अपयशाचें खापर केवळ विरोधकांवर फोडणें आम्हांस पटत नाहीं. विरोध गॉर्डन हॉल ह्यासहि झाला होता. १८१३ च्या फेब्रुवारींत तो मुंबईस उतरला तेव्हां कंपनी सरकारनें त्यास परत जाण्याचा हुकूम दिला होता. तो राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरास हात लावला, आणि १८२६ सालीं नाशिकच्या बाजूच्या प्रवासांत पटकीनें वारला. त्याच वर्षीं तें भाषांतर छापून पुरें झालें. आपल्या शेजारच्या नागपुरास १८४५ मध्यें आलेला स्टीफन हिस्लॉप अठरा वर्षें राहिला; त्यानें शाळा चालविली, दगडधोंडे तपासले, गोंडांचीं गाणीं लिहून घेतलीं, आणि १८६३ मध्यें नदी ओलांडतांना बुडून त्याचा अंत झाला. फिंडलेचीं तीन वर्षें व हिस्लॉपचीं अठरा, हा हिशेब सरळ आहे. भाषा वेळ मागते, आणि लोकांचा विश्वास भाषेहून अधिक वेळ मागतो.

म्हणून आमचें मत आम्ही स्पष्ट लिहितों. दोन वर्षांत अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून लोकांस उपदेश होणें कठीण आहे. ज्यानें अजून संसार पाहिला नाहीं, कर्ज काढलें नाहीं, प्रेताला खांदा दिला नाहीं, त्यानें नापिकीनें खचलेल्या शेतकऱ्यास आयुष्याचा अर्थ सांगावा हें आम्हांस शोभत नाहीं. परंतु तोच मुलगा त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर दोर ओढूं शकतो, त्याच्या पोरांचा अभ्यास घेऊं शकतो, दवाखान्यांत त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ रात्र काढूं शकतो. तोंड बंद ठेवून हात चालविण्यास अठरा हें वय उत्तम. आणि प्रामाणिकपणें बोलावयाचें तर ह्या सेवेचा अधिक लाभ सेवा घेणाऱ्यास होत नाहीं. तो जाणाऱ्यास होतो. मॉर्मन तरुण परत येतो तेव्हां त्याला स्वयंपाक येतो, परकी भाषा येते, नकार पचवितां येतो, आणि न आवडणाऱ्या सोबत्याशीं एका खोलींत महिनोन्‌महिने राहतां येतें. ह्यांतील एकहि विषय आमच्या अभ्यासक्रमांत नाहीं.

ह्या प्रथेला काळी बाजूहि आहे. जी गोष्ट सर्वांनीं करावयाची असते ती न करणाऱ्याकडे समाज कोणत्या डोळ्यांनीं पाहतो, हें आपणां भारतीयांस शिकविण्याची जरुरी नाहीं. त्यांच्यांतहि जो मुलगा जात नाहीं, किंवा आजारानें, मनाच्या उदासीनतेनें मध्येंच परत येतो, त्याला मान खालीं घालून वावरावें लागतें असें त्यांचेच लोक सांगतात. हें बरें नव्हे. लाजेनें केलेली सेवा ही सेवा नसून वेठ होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी असा मार्ग धरला तर तो त्यानें स्वतः धरावा. बापाच्या प्रतिष्ठेसाठीं नव्हे, आणि पाळकांच्या आग्रहास्तव तर मुळींच नव्हे.

आणखी एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती आम्हां ख्रिस्ती लोकांचीच आहे. आपलें वऱ्हाड मध्यप्रदेशांत असतांना, १९५४ सालीं, मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठीं न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ मध्यें निघाला. त्या अहवालांतील पुष्कळ निष्कर्ष आमच्या लोकांस तेव्हां अन्यायाचे वाटले व आजहि वाटतात. पण औषध आणि अन्न ह्यांचा आमिषासारखा उपयोग होतो, हा जो आरोप त्यांत होता, त्याला केवळ रागावून उत्तर देतां येत नाहीं. त्याला उत्तर एकच: सेवा अशी करावी कीं तिच्यामागें दुसरी मागणी उरूं नये. रोग्यानें बरें होऊन आपल्या देवळांत नारळ फोडला, तरी आपला आनंद तसूभर कमी होतां कामा नये. जो तरुण हें मनापासून म्हणूं शकत नाहीं, त्यानें घरींच राहावें.

अशा सेवेचा कित्ता गिरविण्यास अमेरिकेस जावें लागतें असें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज १९०५ मध्यें घर सोडून निघाले. गांवांत शिरल्यावर त्यांचें पहिलें काम झाडू मारणें हें असे. कीर्तन त्यानंतर, रात्रीं. दिवसा ज्याच्या हातांत खराटा पाहिला त्याचा रात्रीं शब्द ऐकावा असें लोकांस आपोआप वाटे. बोलण्याचा हक्क आधीं कमवावा लागतो, हें त्यांस कोणत्याहि परिषदेनें शिकविलें नव्हतें. तसेंच मेळघाटांत बैरागड येथें डॉ. रवींद्र कोल्हे हे वैद्यकीच्या शिक्षणानंतर जाऊन राहिले. आपलें ज्ञान तेथील गरजेस अपुरें पडतें असें दिसतांच पुढील शिक्षणास परतले, आणि तें पुरें करून पुन्हां तेथेंच गेले. त्यांस व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे ह्यांस २०१९ मध्यें पद्मश्री मिळाली. पहिल्या मुक्कामानें त्यांना दाखविलें कीं आपणांस काय येत नाहीं. आमच्या मतें तरुणपणच्या सेवेचें खरें फळ हेंच, आणि तें महाविद्यालयानंतर मिळण्यापेक्षां आधीं मिळालें तर शिकण्यालाहि धार येते.

सरकारनेंहि ह्या दिशेनें कांहीं केलें नाहीं असें नव्हे. १९६९ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेंत विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास काम व सात दिवसांचें एक शिबिर करावयाचें असतें. २४० तास म्हणजे सलग मोजले तर दहा दिवस! तिकडे दोन वर्षें, इकडे दहा दिवस; आणि त्यांतूनहि वृक्षारोपणाच्या छायाचित्रांचा वेळ वजा करावा लागतो. बाबा आमट्यांच्या सोमनाथ येथील उन्हाळी श्रमछावणींत जाऊन आलेले तरुण आम्हांस भेटतात, तेव्हां एका आठवड्याच्या खऱ्या घामाचा रंग त्यांच्या बोलण्यांत वर्षभर टिकलेला दिसतो. घाम खरा असला म्हणजे मुदत थोडी असली तरी चालते, असें त्यावरून वाटतें.

पालकहो, तुमच्याकडे आम्ही दोन वर्षें मागत नाहीं. कापसाचा भाव आणि शिकवणीची फी ह्या दोहोंमध्यें तुमची काय ओढाताण होते, हें आम्ही जाणून आहों. बारावीची परीक्षा आणि पुढील प्रवेश ह्यांमधील तीन महिने मात्र तुम्ही देऊं शकाल. कुष्ठरोग्यांसाठीं अमरावतींत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ मध्यें स्थापन केलेलें तपोवन आहे, परतवाड्याजवळ कोठारा येथें मिशनचें रुग्णालय आहे, आणि त्याच्याहि वर मेळघाटाचीं गांवें आहेत. मुलास पाठवावें तें विचारून व परवानगीनें, आणि जेवणाचा खर्च आपल्या पदरचा द्यावा, म्हणजे तो तेथें भार होणार नाहीं. सोबत एक मित्र असावा. दूरध्वनि आठवड्यास एकदां पुरे.

आणि मेळघाटांत जाणाऱ्यानें जातांना एक वही न्यावी. तेथील कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा आहे, मराठीशीं तिचें नातें नाहीं, त्यामुळें तिचे शब्द ऐकून लिहून घेतल्यावांचून येत नाहींत. आमच्या शाळेच्या सहली चिखलदऱ्यास जातात, मुलें भीमकुंड व देवी पॉइंट पाहून परततात, वाटेंत रबडी विकणाऱ्या किंवा लांकूडफांटा नेणाऱ्या माणसास "पाण्याला तुम्ही काय म्हणतां?" एवढें तरी कितीजणांनीं विचारलें, तें पालकांनीं आज रात्रीं जेवतांना आपापल्या मुलांस विचारून पाहावें.