बोंडअळीचे आतडे आणि आपला फवारणीचा पंप

यवतमाळ जिल्ह्यातील 2017 चा पावसाळा आपल्या स्मरणात असेलच. पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती. तिच्यावर फवारताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. रसशोषक किडींसाठीही ती फवारणी होती. पण त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही कापूस पोखरला. बीटी वाणाला न जुमानणारी ही अळी आली कोठून?

याचे उत्तर तिच्या आतड्यात आहे. पेशींना एकमेकींशी सांधून ठेवणारी कॅडहेरिन नावाची प्रथिने प्राणिमात्रांत असतात. आपली त्वचाही त्यांच्याच आधाराने एकसंध राहते. याच कुळातील एक प्रथिन अळीच्या आतड्याच्या अस्तरावर असते. बीटी कापसातील विष त्याला बिलगते, पेशींना छिद्रे पडतात आणि अळी मरते. (आपल्या जठरात हे विष पचून जाते, ते बिलगेल असा ग्राहकही आपल्या आतड्यात नाही.) भारतात 2002 साली आलेल्या या कापसाने प्रारंभी काम चोख बजावले. परंतु ज्या थोड्या अळ्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड होता, त्यांच्यात विषाला धरायला जागाच नव्हती. त्या जगल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. 2006 मध्ये दुसरे विष जोडले गेले. त्यालाही अळी पुढे सरावली.

आता घरातील मंडळींनी एवढे ध्यानात घ्यावे. ही अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतो तो फवारणाऱ्याच्या कातडीपर्यंत आणि श्वासापर्यंत. तेव्हा बोंडे किडल्यावर दोन-तीन औषधे एकत्र करून मारणे हा माझ्या मते निव्वळ घात आहे. त्यापेक्षा फुलोऱ्यातच डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात, कामगंध सापळे लावावेत आणि फरदड न घेता वेळेवर पऱ्हाटी उपटावी.

फवारून आलेल्या माणसाला मळमळ, लाळ, दरदरून घाम, धूसर दिसणे वा धाप यांपैकी काहीही जाणवले, तर त्याचे कपडे तत्काळ उतरवावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी करवू नये. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्यावी. वेगवेगळ्या विषांवर उपचार वेगळे असतात आणि काहींवर विशिष्ट उताराच नसतो.